डॅशबोर्डवरची दोन भोकं

लवंगीच्या नाकावर राग जन्मापासूनच, म्हणून तर घरात तिचं हे नाव पडलं. पुढे ती जनावरांची डॉक्टर झाली, मारक्या बैलांनाही वठणीवर आणू लागली, पण स्वतःची जीभ काही तिच्या ताब्यात आली नाही. अशात आईजवळ राहणाऱ्या धाकट्या भावाने दोन दिवसांसाठी नेलेली तिची जीप परत आणून दिली, तर डॅशबोर्डवर डाव्या सीटसमोर नुसती दोन भोकं!

"हँडल कुठंय?"

"तुटलं. फेकून दिलं," म्हणत भाऊ सटकलासुद्धा.

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते हँडल काही शोभेचं नव्हतं. जीप वडिलांच्या वेळची, उंच. आई ठेंगणी, त्यात गुडघे कामातून गेलेले. त्याच हँडलला धरून ती स्वतःला वर ओढून घ्यायची. हात निसटू नये म्हणून वडिलांनी त्यावर तपकिरी दोरी गुंडाळली होती. आता महिन्याभराने आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. बंद गाडीत तिला उलट्या होत आणि कुणी उचलून बसवलेलं खपत नसे. "मी काय पोतं आहे?" असं विचारायची. म्हणजे हँडल नाही तर जीप नाही, आणि जीप नाही तर ऑपरेशन नाही.

लवंगीने पुठ्ठ्यावर त्या दोन भोकांचं माप घेतलं आणि दर रविवारी जुन्या गाड्यांच्या भंगारात हिंडू लागली. पहिल्या भंगारवाल्याने चकचकीत प्लॅस्टिकचं हँडल पुढे केलं. "हे धरून माझी आई चढली तर हँडलसकट खाली येईल," ती कडाडली. दुसऱ्याकडचं नव्या मॉडेलचं निघालं, त्याच्या बोल्टांमधलं अंतर दोन बोटं जास्त.

तिसरा म्हातारा होता, त्याला तिच्या आवाजाचं काही वाटलं नाही. "इंजिन मागा, देतो. आतलं सामान मागू नका, बाई. गाडी मेली की लोक आधी आतलंच ओरबाडतात."

"ओरबाडायला घरचेच पुरतात हो!"

म्हाताऱ्याला बहुधा ते पटलं. त्याने एका सांगाड्यावरची पत्र्यांची चळत हलवली. आत हँडल होतं, गंजलेलं, पण पुठ्ठ्यावर अगदी बरोबर बसलं.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होतं. ती तडक आईच्या घरी निघाली. भावासमोर हँडल आदळून काय काय बोलायचं, ते वाटेत दोनदा घोकून झालं.

भाऊ दारातच होता. हँडल बघून त्याचा चेहरा उतरला. "आधी हात तरी धू," एवढंच म्हणाला.

हात ग्रीसने काळे झाले होते. ती मागच्या न्हाणीघरात गेली. महिन्याकाठी एकदा यायचं, पुढच्या खोलीत बसून सगळ्यांना फैलावर घ्यायचं आणि जायचं, अशी तिची रीत. घराच्या मागच्या बाजूला ती कित्येक महिन्यांत फिरकली नव्हती.

कमोडशेजारच्या भिंतीवर तपकिरी दोरीचं हँडल पक्कं बसवलेलं होतं.

"मीच काढायला लावलं," मागून आई म्हणाली. "पडले होते इथं."

"पडलीस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू आधी ओरडली असतीस, मग रडली असतीस, मग उचलून तुझ्या घरी नेलं असतंस. मला नुसतं धरायला काहीतरी हवं होतं. त्याला म्हटलं, तिला कळता कामा नये."

"अगं, दुकानात ढीगभर हँडलं मिळतात!"

"मला दिसतंय कुठं? हाताला दोरी लागली की कळतं. जीपमध्ये वर्षातून चारदा चढते मी, इथून दिवसातून दहादा उठते." आईने तिच्या हातातलं गंजकं हँडल चाचपलं. "हे लाव जीपला. चढते मी उद्या. पण या भिंतीवरच्याला हात लावायचा नाही."

आई भिंतीला धरत धरत बाहेर गेली. लवंगीचं वाटभर घोकलेलं सगळं वाया गेलं. आई कधी पडली, किती लागलं, कुणी उठवलं, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. न सांगण्याइतकी आपली भीती आईच्या मनात आपणच घातली, असं वाटून तिला स्वतःचाच संताप आला.

तिने दोन्ही हातांनी ते दोरीचं हँडल धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढलं. ते तसूभरही हललं नाही. भावाने काम चोख केलं होतं, आणि तिला त्याचाही राग आला.