सहीवाली कातीन

हजेरीच्या यंत्राने इंदूबाईंचा अंगठा पाचव्यांदा नाकारला. अकोल्याच्या त्या कॉलेजात सव्वीस वर्षं फरशा पुसताना फिनाईलने त्यांच्या बोटांवर एकही रेघ शिल्लक ठेवली नव्हती. शाईत बुडवून कागदावर टेकवला, तरी नुसता काळा गोळा उमटला. हेडक्लार्क रामराव माणूस वाईट नव्हते, पण नियम दिसला की त्यांना पुढचं काही दिसत नसे. सोमवारपासून वहीत सही करा, नाहीतर कामावर दुसरी बाई येईल, असं त्यांनी सांगून टाकलं.

इंदूबाईंनी शाळा-कॉलेजचं तोंड पाहिलं ते थेट इथे झाडायला आल्यावर. प्राणिशास्त्राच्या हर्षा मॅडमनी दोन दिवस त्यांना नाव गिरवायला बसवलं. ‘इ’ जमेना, जमला तर ‘दू’ रुसायचा. अर्ध्या तासात अख्खा व्हरांडा लख्ख करणारे हात पेन धरलं की अडखळत. बघून मॅडमना फार वाईट वाटे.

शनिवारी मॅडमचे विद्यार्थी बागेत कोळी शोधत होते. मेंदीच्या कुंपणात एक दिसला आणि दोन मुली किंचाळून मागे सरल्या. कातीन, म्हणजे कोळी, अंगावर फिरली की फोड उठतात, हे शिक्षण घरूनच झालेलं.

“हे काई करत नाई पोरीहो,” इंदूबाई झाडू टेकवून म्हणाल्या. साऱ्या कॉलेजची जाळी काढणाऱ्या या बाई तेवढं एक जाळं दरवर्षी सोडत. मग त्यांनीच सगळं समजावलं. पिवळे-रुपेरी पट्टे म्हणजे मादी. पाय आठ, पण दोन-दोन जोडून ठेवते म्हणून चारच वाटतात. बसते नेहमी जाळ्याच्या मधोमध, डोकं खाली करून. धक्का लागला तर जाळंच गदागदा हलवते. कडेचा तो बारका तपकिरी तिचा नवरा, त्याला कोणी विचारत नाही.

मॅडम थक्क झाल्या. जाळ्यातली, तिच्या बसण्यापुरती मधे मोकळी असलेली पांढरी नागमोडी फुली दाखवून त्या म्हणाल्या, ही तिची सही समजतात, तिचं इंग्रजी नावच मुळी सहीवाला कोळी आहे.

इंदूबाईंनी वाकून ती फुली नीट पाहिली. “अन् तिले तं लिवताबी येत नाई,” त्या म्हणाल्या.

सोमवारी रामरावांनी वही पुढे केली. इंदूबाईंनी चार कोपऱ्यांतून आत येणाऱ्या चार नागमोडी रेघा ओढल्या, सावकाश, एकसारख्या. साक्षीदार म्हणून शेजारी हर्षा मॅडमनी सही केली. खूण चालते, साक्षीदार पाहिजे, हा नियम आठवल्यावर रामरावांचा जीव भांड्यात पडला. तरी त्यांनी फुलीच्या मधोमध बोट ठेवलं.

“मधात जागा कावून सोडली, बाई? उद्या कोनी काई लिवून टाकलं म्हंजे?”

“सोडली नाई, साहेब. ते माही बसाची जागा हाये.”

इंदूबाई बादली उचलून व्हरांड्याकडे गेल्या. शाई पसरू नये म्हणून रामराव बराच वेळ वही उघडी ठेवून बसले.