पितळेची हलकी डबी

शनिवारी भैय्यालाल भंगारवाला माझी मोटार न्यायला बैलगाडी घेऊन येणार, हे टेकचंदभाऊनं मला जेवता जेवता सांगितलं. माझी गाडी म्हणजे जशी काही फुटकी घागर.

"शनिवारपर्यंत चालू झाली तं ठेव," तो म्हणाला. "नाही तं अंगण माह्यं हाये. लोकं मले विचारून राहिले, तुही बहीण गाडीखाली घुसून काय करते म्हणून."

"सांग त्यायले, नट कसून राहिली म्हणून."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. भाऊ हसला नाही.

मी चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, शाळेत मास्तरीण. एवढं लोकांनी कसंबसं गिळलं होतं. त्यात एकोणऐंशी साली मी साकोलीकडच्या एका मालगुजाराच्या गोठ्यातून दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार विकत घेतली. लाल रंगाची, टप फाटलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार. भंडाऱ्यानं कपाळाला हात लावला. गोपीचंद मिस्त्री म्हणाला, "बाईच्या हातानं हे चालू होत नाही, आन् माह्या हाताले वेळ नाही." मी म्हटलं, बरं. मग ब्रेक मी केले, प्लग मी घासले, वायरी मी बदलल्या. एकच दुखणं उरलं होतं. गाडीला दोन कार्बोरेटर, त्यातल्या एकातून पेट्रोल उतू जायचं.

प्रत्येक कार्बोरेटरात पितळेची एक बंद, पोकळ डबी असते. ती पेट्रोलवर तरंगते आणि पेट्रोल पुरेसं झालं की वर येऊन त्याची वाट बंद करते. माझी एक डबी कानाशी हलवली की आत खळखळ वाजायचं. तिला बारीक भोक पडलं होतं.

आता पितळेला पडलेलं भोक आमच्या घरानं दुसऱ्याकडे न्यायचं म्हणजे शोभा झाली असती. तीन पिढ्या भांडी घडवणारं घर आमचं. बाबांनी मला बाराखडीआधी डाक द्यायला, म्हणजे कथील वितळवून भोक बुजवायला शिकवलं. मी डबी रिकामी केली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि हंड्याच्या बुडाला देतात तशी भरपूर डाक दिली. गरम पाण्यात बुडवून पाहिली. एकही बुडबुडा नाही.

शुक्रवारी डबी बसवली, तर पेट्रोल पहिल्यापेक्षा जास्त उतू जायला लागलं. मी गाडीमागे बसून रडले. खोटं कशाला सांगू?

शनिवारी सकाळी भैय्यालाल घण आणि करवत घेऊन आला. पितळी भाग वेगळे तोलायला भावानं दुकानातला तराजू अंगणात मांडला. ती पारडी पाहिली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दोन्ही कार्बोरेटरांतल्या डब्या काढून एकेका पारड्यात ठेवल्या. मी डाक दिलेली डबी खाली गेली.

मला माझंच हसू आलं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक आधी भांडं उचलून पाहतं. जड असेल तर माल खरा, हलकं असेल तर कारागीर चोर. त्याच इमानदारीनं मी तरंगायच्या वस्तूला दगड बांधला होता.

मी कानस घेतली आणि ओट्यावर डाक उतरवायला बसले.

"त्याची बैलगाडी उभी हाये," भाऊ म्हणाला.

"उभी राहू दे."

"कायले हट्ट करतं, सत्यवती?"

"शनिवार सरला नाही अजून."

दोन्ही पारडी एका पातळीला येईपर्यंत मी घासत राहिले. वहिनीनं न सांगता चुलीवरचं गरम पाणी आणून दिलं. डबी बुडवली. बुडबुडा नव्हता.

डब्या बसवल्या. दोनदा गाडी नुसती खोकली. तिसऱ्यांदा असा आवाज झाला की भैय्यालालचे बैल दावं ताणून मागे सरले. मी खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. भावानं तराजू उचलला, पण तो कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"कुठं चालली?" त्यानं विचारलं.

"साकोलीले. अंगण तुह्यं हाये, भाऊ. रस्ता नाही."

निघण्याआधी मी ओट्यावरचा डाकेचा कीस कागदात गोळा केला, त्याची पुडी बांधली आणि भैय्यालालच्या हातावर ठेवली.

"घ्या," मी म्हटलं. "भंगार एवढंच निघालं."