योलांदाची किल्ली

इटलीतल्या आमच्या डोंगरावरच्या रोक्कावेंता गावात किल्ली दाराला बाहेरून लावलेलीच असते. माणूस बाजारात गेलेला असो नाहीतर दूर तोरिनो शहरात, किल्ली दारातच राहते. ती काढली की त्या माणसाशी गावाचा संबंध संपला.

टपाल वाटून निवृत्त झालो तेव्हापासून मी दर रविवारी पाहुण्यांना गाव दाखवतो. वेशीची कमान, घंटाघर, टाकं, सगळं दाखवतो. पण त्या रविवारी माझा जीव एका दारात अडकला होता. ते दार माझी मेव्हणी योलांदा हिचं. दोघींच्या आईची पीठ मळायची काठवट तिनं तोरिनोला नेली, म्हणून माझी बायको नुन्झियाता एकोणीस वर्षं तिच्याशी बोलत नव्हती. आणि आता योलांदाचं पत्र आलं होतं, 'माझी किल्ली दारात आहे का? असेल तर कायमची परत येते.'

बायकोनं ते पत्र साखरेच्या डब्याखाली सारलं. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा जेवण अळणी मिळालं. परस्पर उत्तर पाठवलं असतं तर दोघींनी मिळून मला सोललं असतं.

"ही किल्ली फिरवून बघू?" योलांदाच्या दारापाशी आल्यावर बोलोन्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं.

"बघा की. पण फिरणार नाही, बाई. एकोणीस वर्षांचा गंज आहे."

बाईंनी नुसता हात लावला आणि कुलूप अलगद उघडलं. त्यांनी बोटं हुंगली. "ऑलिव्हचं तेल! ताजं आहे हो."

मी वर पाहिलं. समोरच आमच्या गच्चीत नुन्झियाता घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"अहो, आ वासून काय बघताय?" ती ओरडली. "वाऱ्यानं करकरतं ते. झोप लागत नाही मला."

"बंद कुलूप करकरतं?"

"माझं करकरतं! पाहुण्यांना उन्हात ताटकळवू नका."

पाहुणे हसले. मला मात्र हसू येईना. एकोणीस वर्षं एकाच घरात राहून तिच्या या तेलाचा मला पत्ता नव्हता.

"मग लिहू का तिला?" मी विचारलं.

तिनं खाली न बघता आणखी दोन शेंगा सोलल्या.

"लिहा. काठवट घेऊन ये म्हणावं." मग पुढची शेंग उचलत म्हणाली, "आणि खाली स्टँडवर तुम्ही जा. हा चढ तिला एकटीला झेपायचा नाही आता."