जावईबापूंचा फोन सगळ्यांच्या वर

आमच्या मामाची लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी आहे आणि अक्कल सोडली तर तिच्यात सगळं घरातलंच आहे. मामा मालक. मी कॉम्प्युटर आणि फोन सांभाळते. माझा दादा मेकॅनिक, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत हात काळे करत असतो. आणि मामेबहिणीचं लग्न झाल्यापासून जावईबापू आहेत. ते नक्की काय करतात हे विचारायचं नसतं. टेबलावरच्या पाटीवर ‘डिजिटल प्रमुख’ असं लिहिलंय, तेवढ्यावर समाधान मानायचं.

जावईबापूंनी कुठल्याशा हॉटेलातल्या परिषदेत ऐकलं की मोठ्या कंपन्या आपले सगळे फोन एका जागेवरून ताब्यात ठेवतात. कोणतं अ‍ॅप चालेल, कोणाचा कॉल येईल, फोन हरवला तर त्यातलं सगळं दुरूनच पुसून तो कोरा कसा करायचा, सगळं एका पडद्यावर. परत आले ते अंगात वारं शिरल्यासारखेच. लगोलग तसली प्रणाली विकत आली आणि बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम मला आवडलं, खोटं कशाला बोलू. मेकॅनिक लोक फोन रिक्षात विसरतात, नको ते गेम उतरवून घेतात, शिस्त हवीच होती. पण नियम करायला बसले जावईबापू. कॅमेरा बंद. कॉल फक्त मंजूर नंबरांवरूनच येणार. खासगी फोन सकाळी ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. आणि कोण कुठल्या इमारतीत गेलंय ते लिहायचा भिंतीवरचा पांढरा फळा त्यांनी उतरवून टाकला, कारण तो जुनाट दिसत होता. आता कामं फोनवरच यायची आणि फोनमध्येच राहायची.

त्यातच वहिनीचे दिवस भरत आले होते. बाळ आडवं होतं. कळा सुरू झाल्या की लगेच आणा, ऑपरेशनच करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वहिनी एरवी मोठी धीराची, पण ऑपरेशनला फार घाबरायची. मला आत नेतील तेव्हा तुम्ही दाराशी हवेत, एवढं एकच तिने दादाकडून कबूल करून घेतलं होतं.

“भाऊजी, वहिनीचा नंबर तेवढा यादीत घालते,” मी जावईबापूंना म्हणाले.

“एकीचा घातला की सगळ्यांच्या बायका रांग लावतील.”

“सगळ्यांच्या बायका बाळंत होत नाहीयेत.”

“नियम म्हणजे नियम,” ते मान वर न करता म्हणाले. फोनवर मॅच बघत होते. त्यांच्या फोनला एकही नियम लागू नव्हता.

मी मामाकडे पाहिलं. मामाने चष्मा पुसायला घेतला. “जावईबापू विचार करूनच म्हणत असतील,” तो म्हणाला. बाहेर भल्याभल्यांना वाकवणारा माझा मामा जावयापुढे नुसता मूग गिळून बसतो. मला त्याची कीवही येते आणि रागही येतो. शेवटी आम्हीच तोड काढली. वहिनीने मला फोन करायचा आणि मी दादाला, कारण माझा नंबर मंजूर होता.

आता गटांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. या प्रणालीत फोनचे गट एकाखाली एक लावायचे असतात. वरच्या गटाला दिलेला हुकूम खालच्या सगळ्यांना लागतो. मी जावईबापूंचा फोन ऑफिसच्या गटात टाकला, तर त्यांचा चेहरा पडला.

“मी हिशेबनीसांच्या बरोबरीने?”

“ही नुसती मांडणी आहे, भाऊजी. यात मानपान नसतो.”

“प्रमुख वर असतो,” ते म्हणाले. मामाने री ओढली, “अगं, जावयाला खाली कसं ठेवायचं?” मग सगळ्यात वरच्या गटाला जावईबापूंनी स्वतःचं नाव दिलं आणि त्यात स्वतःचा फोन ठेवला. त्यांच्या खाली आख्खी कंपनी. वरचा गट रिकामाच राहू द्या, तिथे चुकून काही दाबलं गेलं तर सगळ्यांना भोवेल, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी जांभई दिली.

पुढे जावईबापूंनी नवा फोन घेतला आणि जुना फोन दुरून पुसून दाखवायचा घाट घातला. मीटिंगच्या खोलीत मामा, हिशेबनीस, मी, आणि भिंतीवर मोठा पडदा. जुना फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला. त्यांनी पडद्यावर स्वतःचं नाव शोधलं. ते सापडलं सगळ्यात वर, अर्थात.

“भाऊजी, थांबा, तो गट आहे,” मी उठले.

“तू बस. तुला सगळ्याचीच घाई.”

पडद्यावर इशारा आला. खालच्या सर्व गटांसह पुसायचं का? त्यांनी तो वाचला नाही. वाचणं हे त्यांच्या मते खालच्या लोकांचं काम आहे. त्यांनी ‘हो’ दाबलं आणि जुन्या फोनकडे बोट दाखवलं. “बघा.” जुना फोन विझला. मग माझ्या हातातला विझला, हिशेबनीसाचा विझला, मामाच्या खिशातला विझला. बाहेर शहरभर आमचा एकेक मेकॅनिक हातात कोरा फोन घेऊन उभा राहिला असणार. सुरू करायचा तर ऑफिसात आणून पुन्हा नोंदवायला हवा. धडधाकट राहिला तो फक्त जावईबापूंचा नवा फोन, कारण तो अजून नोंदवलेलाच नव्हता.

मी विझलेले फोन पुन्हा नोंदवायला बसले असताना टेबलावरचा जुना लँडलाइन वाजला. वहिनीची आई होती. “अगं, तुझा फोन का लागत नाही? कळा सुरू झाल्यात. आम्ही दवाखान्यात आलोय. तुझ्या दादांना पाठव लवकर, ती त्यांच्याशिवाय आत जायला तयार नाही.”

दादा कुठे गेलाय हे कोणालाच माहीत नव्हतं. जिथे ते लिहिलेलं असायचं तिथे आता भिंतीत फळ्याचे खिळे होते. मी रिक्षा केली आणि आठवतील त्या इमारतींच्या पहारेकऱ्यांना विचारत फिरले. माझ्या तोंडातून जे निघत होतं ते इथे लिहिता येणार नाही. तो कुठेच सापडला नाही. दुपार कलल्यावर मी ऑफिसात परतले, तर दादाच जिना चढून वर येत होता.

“हा बघ गं, याला काय झालंय,” त्याने फोन पुढे केला. “उगाच तुझ्या वहिनीचा निरोप चुकायचा.”

तो दवाखान्यात पोचला तोवर सगळं उरकलं होतं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. वहिनीला रडतच आत नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आणि जावईबापू फळांची टोपली घेऊन दवाखान्यात आले. दादा खाटेशी उभा होता. फोन बिघडला होता, एवढंच त्याने वहिनीला सांगितलं होतं. मामाच्या घराची लाज राखायला निघाला होता, भोळा. वहिनीने त्याच्याकडे पाठ केली होती.

जावईबापूंनी नवा फोन काढला. “एक फोटो होऊन जाऊ दे. दादा, तुम्ही जरा जवळ सरका.”

“त्यांना राहू द्या,” वहिनी म्हणाली. “काल नव्हते, आज फोटोत कशाला?”

दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याचे ते काळपट, घासूनही न निघणारे हात लोंबत होते. मला ते बघवेना.

“वहिनी, फोन बिघडला नव्हता,” मी म्हणाले. “ह्यांनी पुसला. तुझा नंबरही ह्यांनीच बंद ठेवला होता.”

“अगं, जावई आहेत ते,” मामा पुटपुटला.

“म्हणून तर सगळ्यांच्या वर बसवलं होतं.”

वहिनीने जावईबापूंकडे मान वळवली.

“अहो, इकडे या,” ती दादाला म्हणाली. “घ्या हिला.” मग जावईबापूंना म्हणाली, “आणि तुम्ही फोन आत ठेवा.”

जावईबापूंनी मामाकडे पाहिलं. मामाने चष्मा पुसायला घेतला. शेवटी त्यांनी फोन खिशात घातला. कोणी काही सांगितलं आणि त्यांनी ते केलं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.