वर जायचं राहिलेलं भिंग

दमलोय हो. काचेला कसलं आलंय दमणं, असं म्हणाल. पण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी डोळे ताणून बघत बसा, म्हणजे कळेल. मी एक भिंग आहे. तळहातावर मावेल एवढं, गोल, काठाजवळ एक बारीकसा बुडबुडा राहून गेलेला.

मला घडवलं मावशीने. कारखान्यात सगळेच तिला मावशी म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. ओल्या लाल भुकटीने मला घासता घासता ती माझ्याशी बोलायची, "नीट राहा रे बाबा, तुला चंद्राकडे जायचंय." चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचा मी डोळा होणार होतो. यानाचा सांगाडा डोंगरापलीकडच्या देशात बनत होता आणि तिथल्याच कारखान्यात मावशीच्या धाकट्या बहिणीचा नवरा कामाला होता. "आमच्या घरचंच यान आहे," असं दोघी बहिणी तोऱ्यात सांगायच्या.

मावशीची एक खोड होती. भिंग तयार झालं की ते चाचणीच्या नळीत बसवायचं आणि खिडकीतून समोरच्या डोंगरावर रोखायचं. नियमाप्रमाणे बघायचा असायचा तिथला मनोरा. मावशी बघायची डोंगरमाथ्यावरचं, सरहद्दीच्या पल्याडचं धाकटीचं घर. लाल छप्पर, पुढे कपड्यांची दोरी. "आळशी मेली! कालच्या चादरी अजून दोरीवरच," असं ती पुटपुटली की समजायचं, भिंग पास.

मीही पास झालो. मऊ कापडात गुंडाळून घेऊन, डब्यात बसून वर जायची वाट बघू लागलो.

मग दोन्ही देशांचं बिनसलं. कशावरून, ते मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. यानाचा पैसा तोफांकडे वळला. साहेब माझा डबा न्यायला आले तेव्हा मावशी आडवी आली.

"साहेब, हे चंद्राचं आहे."

"मावशी, चंद्र कुठं पळून जातोय? आणि वर आहे काय? दगडधोंडे!"

"दगडच बघू दे की त्याला. दगडांचं काय बिघडतंय?"

साहेब हसले आणि मला घेऊन गेले.

तोफेच्या दुर्बिणीत मला बसवलं. तिथली माणसं वाईट नव्हती. झोप नसल्याने डोळे तारवटलेली, घरच्या आठवणीने हळवी होणारी. त्यांना डोंगर जवळ आणून दाखवायचं माझं काम. एका सकाळी नळी फिरत फिरत थांबली आणि समोर लाल छप्पर आलं. दोरीवर चादरी होत्या. तडकावं, काळवंडावं, काहीतरी करावं असं फार वाटलं. पण मावशीने मला इतकं चोख घासलं होतं, की धूसर दाखवणं मला जमेचना. नेम चुकला नाही.

युद्ध थांबलं. जिंकलं कोण, यावर अजून वाद चालू आहे. ओरखडे काढायला मला परत कारखान्यात पाठवलं, तर मावशी ओळखू येईना इतकी वाकलेली. धाकटी गेल्याचं तिला कळलं होतं. तिने मला हातात घेतलं, बुडबुडा बघितला, नळीत बसवलं आणि सवयीने डोंगरावर रोखलं. छप्पर नव्हतं. दोरीही नव्हती.

"तूच होतास का रे तिथं?" तिने विचारलं.

तेवढ्यात साहेब आले. "मावशी, जरा लवकर घ्या. तोफा पुन्हा सज्ज ठेवायच्यात."

"वर जाणार असेल तर घासते," मावशी म्हणाली. "नाहीतर तुमचं तुम्ही घासा."

तिने मला ओरखड्यांसकट खिडकीत ठेवलं आणि घरी निघून गेली. ती पुन्हा कामावर आली नाही.

तेव्हापासून मी इथंच आहे; तिच्यासारखं घासणारं दुसरं कोणी साहेबांना अजून मिळालेलं नाही. अंगावर धूळ बसलीय. संध्याकाळी चंद्र वर आला की त्याच्याकडे बघतो आणि लाज वाटते. तोफ की यान, हे ठरवणं तुमच्यापैकी कोणाच्या हातात असेल, तर माझं एवढं ऐका. थोडं घासलंत तर मी अजून पुष्कळ बघेन. फक्त त्या डोंगराकडे माझं तोंड करू नका. मला वर पाठवा. तिथं कोणाचं छप्पर नाही.