चीज सरस हवं

या, अशा जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनो, टेकलं की डोळा लागतो हा माझा स्वतःचा अनुभव आहे, तेव्हा तुम्हीही पुढे या. गोष्ट सांगतो. आज राजाराणीची नाही, बर्गरची. हसू नका. ज्याने हत्तीला सोंड दिली आणि मुंगीला साखरेचा पत्ता सांगितला, त्याला एक पाव मधोमध चिरून आत काही भरणं जड नाही. मौज एवढीच, की हे काम त्याने ज्याच्या हातून करवून घेतलं, तो गृहस्थ स्वयंपाकघरात आजवर फक्त पाणी प्यायला जात होता.

हे गृहस्थ बुकबाइंडर. गल्लीत सगळे त्यांना बाइंडर म्हणत. बायकोही म्हणायची, रागावली की. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. फाटक्या शब्दकोशांपासून पाठ मोडलेल्या धर्मग्रंथांपर्यंत सगळे रुग्ण तिथे यायचे आणि ताठ होऊन जायचे. खोलीच्या मध्यभागी लोखंडी शिकंजा. वर चाक, खाली दोन जाड पाट. मध्ये पुस्तक ठेवायचं आणि चाक फिरवून दाबायचं. बाइंडरांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावत असे: चिकटवा आणि दाबा. घरात भांडण झालं तरी ते म्हणायचे, "रात्रभर राहू दे, सकाळी सपाट होईल."

बायको टायपिंग शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. आता निवृत्त, पण बोलणं अजून तसंच, प्रत्येक अक्षर वेगळं आणि खणखणीत.

त्या वर्षी बाईंना ताप आला आणि तीन आठवडे मुक्कामाला राहिला. गेला तेव्हा, विसराळू पाहुणा यजमानाची छत्री उचलून नेतो ना, तशी बाईंची चव आणि वास बरोबर घेऊन गेला. दोन महिने झाले तरी परत करायचं नाव नाही.

"सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं," बाई ताट सारून म्हणायच्या.

"पुठ्ठ्याला चव असते," बाइंडर दुखावून म्हणाले.

"खाऊन बघितलाय?"

"लहानपणी."

यावर बाई हसल्या, पण जेवल्या नाहीत. घोटभर सूप, अर्धं केळं, बस्स. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं. काटा चाळीस किलोच्या जरा वर थरथरत थांबला.

"सोमवारी परत या," त्या म्हणाल्या. "चाळीसच्या खाली गेलात तर मी ऐकणार नाही. दवाखान्यात ठेवून घेईन आणि नाकातून नळी घालीन. तोंड, पोट सगळं ठणठणीत आहे तुमचं. तिखट खा, आंबट खा, मनात येईल ते खा. पण घरचं, ताजं, आणि पोटभर."

घरी आल्यावर बाइंडर खुर्ची ओढून समोर बसले. "सांग. मनात काय येतं?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "बर्गर."

"काय?"

"काचेच्या दारवाल्या दुकानातला. लालभडक, तिखट, चीज असं ओघळणारा. दुकान बंद झालं आता. पण काय खायचो आम्ही, मी आणि क्लासातल्या मुली! दर शुक्रवारी, क्लास सुटला की."

बाइंडर सावध झाले. "शुक्रवारी तुला उशीर व्हायचा. मशीनची रिबन बदलायची असते म्हणायचीस."

"हो."

"अकरा वर्षं?"

"रिबनी फार लवकर झिजायच्या."

"अगं, क्लास होता की कापडाची गिरणी?"

मंडळी, अकरा वर्षांचं हे पाप असं शनिवारी दुपारी उघडं पडलं, आणि बाइंडरांना राग यायच्या ऐवजी आनंदच झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा बाईंनी एखाद्या पदार्थाचं नाव घेताना ओठांवरून जीभ फिरवली होती. वरचा काम सांगतो ते असं. शंख वाजत नाही, नुसती जीभ फिरते.

बाईंची धाकटी बहीण एका कारखान्याचं कॅन्टीन चालवायची. बाइंडरांनी तिला फोन लावला.

"भाऊजी, तुम्ही? बर्गर?" तिकडून मोठ्ठं हसू आलं. "कशात बांधणार आहात, कापडात की रेक्झिनमध्ये?"

"थट्टा नंतर. आधी कृती सांग. सोमवारी काटा आहे."

पलीकडचं हसू थांबलं. "इथे दोनशे ताटं वाढायची आहेत. लिहून पाठवते. ताईला सांगा, खाल्लं नाही तर मी स्वतः येईन आणि भरवीन."

पाच मिनिटांत फोनवर निरोप आला. घाईत लिहिलेला, तुटक: "बटाटे उकडून कोरडे करा. शिजवलेला घेवडा, पावाचा चुरा, लसूण, मिरपूड घालून मळा. दाबून पॅटी करा. कुरकुरीत तळा. लाल मिरच्या भिजवून लसूण, व्हिनेगरबरोबर वाटा. पाव लोण्यावर भाजा. चीज सरस हवं. घाई नको."

बाइंडरांनी चष्मा पुसून निरोप दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. दाबून. सरस. घाई नको. हे तर आपलंच काम!

बाईंसाठी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडली गेली. मांडीवर शाल, आणि नजर परीक्षकाची.

बटाटे उकडले, मळले, हे सगळं ठीक झालं. मग बाइंडरांनी गोळे ताटात घेतले आणि चालू लागले पुढच्या खोलीकडे.

"अहो, कुठे?"

"दाबायला."

"हाताने दाबतात!"

"हाताचा दाब कुठे जास्त, कुठे कमी. माझ्या हातून असं काम जात नाही."

शिकंज्याचे पाट धुतलेलेच होते, वर लोणी लावलेला कागद अंथरला. चाक फिरलं. एकदा, दोनदा, आणि सवयीने तिसऱ्यांदाही. बाहेर आले ते पातळ, सरळसोट, कडा नीट असलेले चार पत्रे.

बाईंनी एक उचलून उजेडात धरला. पलीकडची खिडकी दिसत होती. "बर्गर आहे की ओळखपत्र? फोटो कुठे लावायचा?"

बाइंडर ओशाळले, पण छापलेला मोठा कागद दुमडून त्याचा फर्मा करण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं. त्यांनी तो पत्रा मधोमध दुमडला, परत दुमडला, कडा अंगठ्याने सारख्या केल्या आणि कढईत सोडला. तेल चरचरलं. पदर सुटले, कडा कुरकुरीत तांबूस झाल्या. चार पदरांची पॅटी. कुठल्याही दुकानात मिळाली नसती. ते वळून बघतात, तर बाई मान लांब करून कढईकडे बघत होत्या.

"बघू नकोस. लक्ष विचलित होतं," ते म्हणाले.

"अकरा वर्षं खाल्लेत. बघण्याचा हक्क आहे माझा."

मग मिरच्या. भिजवलेल्या लाल मिरच्या मिक्सरमध्ये फिरल्या, झाकण काढलं आणि बाइंडर शिंकायला लागले. पाच, सहा, सात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"तुला काही होत नाही?" त्यांनी विचारलं.

बाई दारात कोरड्या बसल्या होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. बाइंडरांनी डोळे पुसले आणि वाटण वाटीत काढून घेतलं.

आता चीज. इथे कान द्या. बाइंडरांनी गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, पाण्यात दुसरं लहान भांडं बसवलं आणि त्यात किसलेलं चीज, चमचाभर कॉर्नफ्लोअर, थोडं थोडं दूध, वर मिरचीचं वाटण असं घालून अगदी मंद आचेवर एकाच दिशेने ढवळायला लागले. उकळी येऊ द्यायची नाही. मध्येच थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनी टेकवायची, बोटं हळू लांब करायची आणि तार कुठे तुटते ते बघायचं.

बाईंनी हे चाळीस वर्षं पाहिलं होतं, पण पुढच्या खोलीत.

"अहो," त्या खुर्चीत सरळ झाल्या, "हे काय चाललंय? ते भांडं कुठलं?"

"नवीन आहे. लेबलसुद्धा निघालेलं नाही, हे बघ."

"मग असं काय ढवळताय, पुस्तकं चिकटवायचा सरस केल्यासारखं?"

"सरसच करतोय. तुझ्या बहिणीनेच लिहिलंय, चीज सरस हवं. म्हणजे सरसासारखं. पावाला पॅटी चिकटली पाहिजे ना! शहाणी आहे, तिला कळतं."

बाईंनी हात पुढे केला. "फोन द्या."

फोन लागला, स्पीकरवर. मागे ताटांचा खणखणाट. बाईंनी प्रकार सांगितला. पलीकडून असा चीत्कार आला, की खणखणाटही थांबला असावा.

"अहो भाऊजी! सरस म्हणजे चांगलं! उत्तम प्रतीचं! चीज चांगल्यातलं घ्या, एवढंच म्हटलं मी. तुमचा तो डिंक नव्हे!"

"मग चांगल्यातलं असं लिहायचं," बाइंडर ढवळत राहिले. "आणि डिंक वेगळा, सरस वेगळा."

"ताई, तू कशी राहिलीस गं यांच्याबरोबर?"

"चिकटवून ठेवलंय," बाई म्हणाल्या, आणि दोघी बहिणी फोनच्या दोन टोकांना इतक्या हसल्या, की बाईंना धाप लागली. बाइंडरांनी एका हाताने पाणी दिलं, दुसऱ्याने ढवळणं सोडलं नाही. थांबलं तर गाठी होतात.

देवाची करणी बघा. चीज एकदम आचेवर घातलं असतं तर तेल सुटून चोथा झाला असता. या अडाण्याच्या हातून ते रेशमासारखं झालं, केशरी, चकचकीत, चमच्यावरून एका धारेत उतरणारं. चूक त्याची होती, हात त्याचा शिकलेला होता. आता यात कोण कुणाकडून काम करवून घेत होतं, हे तुम्ही ठरवा. मी आपला गोष्ट सांगणारा.

पाव लोण्यावर भाजले. खाली पाव, त्यावर पॅटी, वर ती केशरी धार, कांद्याच्या चकत्या, पुन्हा धार, वरचा पाव. बाइंडरांचा तळहात सवयीने पावावर दाबायला खाली आला.

"हात मागे!" बाई ओरडल्या.

हात मागे गेला.

बाईंनी दोन्ही हातांनी बर्गर उचलला. बाइंडर ओट्याला टेकून उभे. त्यांना बघायचंही होतं आणि बघवतही नव्हतं. पहिला घास. कुर्रर्र असा आवाज झाला. बाई चावत राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा घास. चीज हनुवटीवर ओघळलं, त्यांनी पुसलं नाही. तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"तिखट आहे?" बाइंडरांनी घाबरत विचारलं.

"भाजतंय." नाक ओढत त्या म्हणाल्या. "जीभ भाजतेय चांगली."

"मग ठेव, ठेव खाली."

"ठेवू नको म्हणा!"

चौथा घास त्यांनी हळू चावला. भुवया जवळ आल्या. टायपिंगच्या कागदात चुकीचं अक्षर सापडलं की यायच्या तशा. त्यांनी वरचा पाव उघडला, आत बघितलं, परत मिटला, आणखी एक छोटा घास घेतला आणि म्हणाल्या,

"चीज खारट आहे. पण आत पॅटीत मीठ नाही."

"मीठ?" बाइंडरांनी फोन उघडून निरोप परत वाचला. "मीठ लिहिलेलंच नाही तिने."

"मीठ काय लिहायचं असतं? अहो, बिनमिठाचं..." आणि बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या.

बाइंडरांनी फोन ओट्यावर ठेवला. कढईतलं तेल तेवढं हळूहळू कुरकुरत होतं.

"परत सांग," ते म्हणाले.

"आत मीठ नाही," बाई हळूच म्हणाल्या. मग एकेक अक्षर वेगळं करून, खणखणीत: "अजिबात. मीठ. नाही."

बाइंडर ओट्याकडे वळले, कारण त्यांना तोंड लपवायचं होतं. मिठाची बरणी शोधायला त्यांना फार वेळ लागला, आणि बरणी समोरच होती. दुसऱ्या बर्गरवर त्यांनी मीठ इतकं सढळ भुरभुरलं, की बाई म्हणाल्या, "आता खारट." तेव्हा त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं. बाईंनी तोही संपवला, बोटं चाटली आणि निकाल दिला, की दुकानातला बरा होता, पण हा गरम होता.

सोमवारी काट्यावर काय झालं, ते खोटं सांगणार नाही. चमत्कार झाला नाही. काटा चाळीसच्या वर होता, पण मागच्यापेक्षा केसभर खालीच. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"काय खाल्लंत?"

"चार बर्गर. दोन दिवसांत. पहिला आळणी होता, दुसरा खारट, तिसरा जमला, चौथ्यात कांदा फार झाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं तुम्हाला कळलं?"

"त्यांना विचारा. ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत."

नळीसाठी काढून ठेवलेला संमतीचा कागद टेबलाच्या खणात परत गेला. पुढचा आठवडा मिळाला, आणि त्याच्या पुढचा मागावाच लागला नाही.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी एक मागणं आहे. त्या दोन दिवसांत बाइंडरांनी चार बर्गर केले आणि चारही बायकोने खाल्ले. त्यांच्या वाट्याला कढईतले तुटके तुकडे आले, तेही उभ्या-उभ्याने खाल्लेले. ते आता नाहीत. बाई आहेत, आणि अजून म्हणतात, की तसा बर्गर कुणाला जमत नाही. तेव्हा रात्री दिवा मालवताना आपल्या माणसांसाठी देवाजवळ दोन शब्द बोलाल, त्यात तिसरा शब्द बाइंडरांसाठी बोला. एवढंच.