तापलेलं बॉनेट

फिटरने गाडीभोवती फेरी मारली नाही, की टायरला लाथ घातली नाही. त्याने नुसता बॉनेटवर तळवा ठेवला. बॉनेट चांगलंच तापलं होतं. डिझेल गाडीचं खरंखोटं कळतं ते गार इंजिन सुरू करताना. एकदा गरम झालं की भंगारातलं इंजिनही शहाण्यासारखं वागतं.

"ताई, घाई नाही ना तुला?" त्याने बहिणीला विचारलं. गाडी तिलाच घ्यायची होती.

मग तो पायरीवर ऐसपैस बसला. गप्पा रंगल्या, तीनदा चहा झाला, सकाळची दुपार झाली. गाडीचे मालक, निवृत्त मास्तर, मात्र सारखे घड्याळाकडे बघत होते.

"चालवून बघा की आता!"

"गार होऊ द्या जरा," फिटर म्हणाला. मास्तरांचा चेहराच उतरला.

शेवटी फिटरने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. ना धूर, ना थरथर. फिटर चाटच पडला.

"रोज अशीच तर सुरू होते!" मास्तरीणबाई दारातून कडाडल्या. "सांगत होते, सकाळी सकाळी गावभर पळवून आणू नका. पण यांचा चौदा वर्षांत गाडीवर विश्वास बसला नाही, आणि चाळीस वर्षांत माझ्यावर!"